ऐकू न आल्याची खूण

ज्या माणसांना काहीच ऐकू आले नव्हते, त्यांच्या नावांपुढे मी शून्य लिहिले. कानांच्या तपासणीत शून्य ही फार चांगली गोष्ट असते. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल अशा पुसट आवाजाला तिथे शून्य म्हणतात. आकडा जितका चढत जाईल तितका कान अधू. म्हणजे भिवंडीच्या कामतघर वस्तीतल्या सर्वांत बहिऱ्या विणकरांना मी कागदावर सर्वांत तल्लख कान बहाल केले. हे नकळत घडले. मात्र पुढे ते कळले, आणि कळल्यावर मी जे मौन धरले ते पूर्ण शुद्धीवर धरले. आज हे लिहितो आहे, तेही कुणी जाब विचारला म्हणून नव्हे. त्या मौनाचा आता शीण आला आहे म्हणून.

थंडी परत आली आहे. भिवंडीची थंडी ती केवढी. सकाळी घातलेला स्वेटर दुपारी काखेत घेऊन हिंडावे लागते. पण पहाटे सायझिंग कारखान्यांच्या धुराड्यांतला धूर वर जायला तयार नसतो. तो छपरांच्या उंचीवरच रेंगाळतो, आणि त्यात सुताला लावायच्या खळीचा, उतू गेलेल्या पेजेसारखा वास मिसळलेला असतो. लोकरीच्या कपड्यांवर कापसाची लव बसते, झटकली तरी निघत नाही. दिवाळीला गावी गेलेली माणसे परतलेली असतात, लूम, म्हणजे यंत्रमाग, पुन्हा भरात आलेले असतात, आणि तो अखंड खडखडाट सगळ्या वस्तीतून वाहत असतो. इथे राहणाऱ्याला तो ऐकू येईनासा होतो. जाणवतो तो थांबल्यावर. शुक्रवारी लूम बंद असतात, आणि शुक्रवारच्या सकाळी गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला दचकवतो. त्या वर्षीची थंडी आठवली की मला आधी माझ्या चपला ऐकू येतात.

टाळेबंदीच्या आधीची ती थंडी. एका धर्मादाय संस्थेने विणकरांचे कान तपासायला घेतले होते. ज्यांचे कान फार बिघडले आहेत त्यांना लूमवरून काढून घडीच्या खोलीत, म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालण्याच्या शांत कामावर घ्यावे, असे संस्थेने कारखानदारांकडून कबूल करून घेतले होते. तपासणी शुक्रवारीच होई, कारण गोंगाटातून उठून आलेला कान खरे उत्तर देत नाही. त्याला आधी विश्रांती लागते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. त्यांना डांबरगोळ्यांचा वास येई. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो; जमणारी माहिती संगणकात नीट ठेवण्याचे काम मी हौसेने मागून घेतले होते. तपासणी करीत असे नसरीन. इथल्याच जुन्या कोकणी घरातली मुलगी, नुकतीच पदविका घेऊन आलेली. आवाज काढणाऱ्या यंत्राला ती पेटी म्हणे आणि त्या पेटीला स्वतःखेरीज कुणाचा हात लागू देत नसे.

काम सुरू होण्याआधी मी एक नियम घालून दिला. पेटीचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवूनही समोरच्याने बोट उचलले नाही, तर तक्त्यातल्या त्या आवाजाच्या चौकटीत ९९९ लिहायचे. तपासणीच झाली नाही, वीज गेली किंवा माणूस मध्येच उठून गेला, तर ८८८.

"सर, नऊशे नव्व्याण्णव?" नसरीन म्हणाली. "एवढा आवाज केला तर कामतघर सोडा, ठाण्यापर्यंतच्या काचा फुटतील."

"तो आवाज नाही गं, खूण आहे. विचारले, पण उत्तर आले नाही, एवढाच तिचा अर्थ."

"मग सरळ फुली मारते ना."

"आकड्यांच्या रांगेत संगणकाला फुली चालत नाही."

"सासू अजून मिळायची आहे मला," ती म्हणाली, "पण तुमचा संगणक तिची आत्तापासून सवय लावतोय."

मी हसलो होतो. मनातून मला त्या दोन खुणांचा अभिमान वाटत होता. रिकाम्या जागाही एकसारख्या नसतात, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. पाऊस मोजणाऱ्याने एखाद्या दिवशी पात्र पाहिलेच नाही, म्हणून त्या दिवशी पाऊस पडला नाही असे होत नाही. न पाहिलेला पाऊस आणि न पडलेला पाऊस वेगळे लिहावेत. एकदा त्यांची सरमिसळ झाली की पुढे कितीही हुशार माणूस आला तरी त्याला ती वेगळी करता येत नाही. मुले हे वहीत उतरवून घेत. मीही, वाटते, फक्त उतरवूनच घेतले होते.

नरसय्या आले तो शुक्रवार मला स्पष्ट दिसतो. तरुणपणी तेलंगणातून येऊन कामतघरातच संसार थाटलेले, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे विणकर. खुर्चीवर बसले, कानांवर पेटीचे हेडफोन चढवून घेतले, आणि नसरीनच्या हाताकडे टक लावून पाहू लागले. तिने कळ दाबली की यांचे बोट वर.

"काका, डोळे भिंतीकडे. आवाज कानात येणार आहे, माझ्या हातात नाही."

ते ओशाळून हसले. "सवय आहे, बेटी. लूमवर कोण कानानं ऐकतो?"

दारात त्यांची बायको उभी होती, यादम्मा. ती म्हणाली, "घरी पण तेच, मॅडम. मी बोलायला लागले की तोंडाकडे बघत बसतो. शेजारणी बोलतात, काय प्रेम आहे बाई म्हाताऱ्याचं!"

सगळे हसले, तेही हसले; यादम्माचे ओठ त्यांना दिसले होते. लूम चालतात त्या खात्यात शब्द कुणालाच ऐकू येत नाहीत. तिथे माणसे ओठ वाचतात, भुवया वाचतात, आणि इतकी वर्षे वाचतात की आपण ऐकत नसून वाचत आहोत हे त्यांचे त्यांनाही वेगळे कळत नाही. भिंतीकडे तोंड केल्यावर नरसय्यांचे बोट खाली आले. उजव्या कानात जाड, घुमणारे आवाज सोडले तेव्हा ते अडखळत उठे. शिट्टीसारखे बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. डाव्या कानाला नसरीनने पेटीच्या टोकापर्यंत नेले. बोट मांडीवर तसेच पडून होते. तिने हलक्या आवाजात खूण सांगितली, मी लिहिली. पुन्हा सांगितली, पुन्हा लिहिली. मग भिंतीकडे पाहतच नरसय्यांनी नम्रपणे विचारले, "सुरू कधी करणार, बेटी?"

बाहेर निघताना त्यांनी मला आपल्या कानशिलावर बोट ठेवून दाखवले. "शुक्रवारी पण माझे लूम बंद होत नाहीत, सर. इथं चालूच असतात."

त्या दिवशी शेवटी नसरीनने गमतीने मलाही खुर्चीवर बसवले होते. माझ्या एका चौकटीत शून्य आले. ते खरे शून्य होते. मी तेव्हा उगाच सुखावलो.

चूक झाली ती एका साध्या संध्याकाळी. टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग, घशात खवखव, बाहेर लग्नाच्या वरातीचा बँड. माझ्या प्रणालीने सगळी माहिती वाचून घेतली, ९९९ आणि ८८८ या दोन्ही खुणा ओळखल्या आणि त्या जागा रिकाम्या केल्या. दोन वेगळ्या खुणांची एकच रिकामी जागा झाली, तिथेच मी सावध व्हायला हवे होते. मग ती माहिती संस्थेच्या प्रणालीत जायची होती, जिच्यातून दाखले छापले जाणार होते. तिला रिकाम्या जागा चालेनात. फाइल परत येई, पुन्हा परत येई. शेवटी मी एक ओळ लिहिली : जिथे रिकामे असेल तिथे शून्य भर. फाइल मुकाट आत गेली. मला हायसे वाटले. मी उत्तरपत्रिका ओढल्या आणि आकडे चुकलेल्या मुलांचे गुण कापू लागलो.

शून्य म्हणजे काही नाही, हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की पुढे कितीही शिकलो तरी थकल्या क्षणी आपला हात त्याच्याकडेच जातो. नरसय्यांच्या उजव्या कानाचे जे थोडे खरे आकडे होते, ते शून्यांच्या गर्दीत सरासरी काढताना बुडून गेले. दाखल्यावर छापले गेले : श्रवण सामान्य. एक जण तर खोलीत शिरलाच नव्हता, रांगेतूनच परतला होता. चांगल्या कानांचा दाखला त्यालाही मिळाला. दाखले समारंभाने वाटले गेले. मला शाल आणि नारळ मिळाला.

काही दिवसांनी नसरीनचा फोन आला. "सर, नरसय्याकाकांचा कागद नॉर्मल आलाय. कसं शक्य आहे? मी स्वतः वाजवलंय. डाव्या कानात पेटी संपली, त्यांचं बोट हललं नाही."

"बघतो," मी म्हणालो.

मी पाहिले. पाहायला फारसा वेळ लागला नाही. ती ओळ तिथेच होती, माझ्याच हाताची, निर्मळ आणि सुबक. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. शाल अजून कपाटाच्या दारावर लटकत होती. मग मी नसरीनला फोन केला आणि म्हणालो, "तुझी पेटी एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवून घे."

"बरं, सर," ती म्हणाली.

त्याच दिवशी मी माझ्या संगणकावरची फाइल दुरुस्त केली. मूळ नोंदींवरून शून्ये काढली, दोन्ही खुणा आपापल्या जागी परत ठेवल्या, वाचताना आणि लिहिताना त्या हलणार नाहीत अशी तजवीज केली, तीन वेळा पडताळून पाहिले. फाइल निर्दोष झाली. कागद मात्र लोकांच्या घरी होते, आणि त्यांच्या साहेबांच्या टेबलांवर.

एकदा धीर करून मी नरसय्यांच्या कारखान्यात गेलो होतो. मालक काशिनाथशेठ, मूळचे इथल्याच टेमघर गावचे शेतकरी, आता लूमवाले. दारातूनच त्यांनी मला आत ओढले आणि कानाशी तोंड आणून ओरडले, "सर, तुमीच सांगा. लूम चालू असताना मी पलीकरून शिवी दिली का याला बराबर कलते. आन् मोकल्या रस्त्यात मागून हाक मारली तं वलून बगत न्हाय! आता तुमच्या डॉक्टरचा कागद बी बोलतो, कान ठनठनीत हायेत. मंग याला ढोंग न्हाय तं काय बोलाचा?"

त्यांच्या मते हे उघड होते. ज्याने विणकराला फक्त खात्यातच पाहिले आहे, त्याला ते तसेच दिसणार. लूमच्या रांगेपलीकडून नरसय्यांनी मला पाहिले. शेठ काय बोलले ते त्यांनी वाचले असावे, कारण त्यांनी मान खाली घातली. मग वर पाहून ओठांनीच विचारले : चहा? मी मान हलवून नको म्हटले. इतक्या आवाजात काय सांगणार, असे स्वतःला समजावत मी बाहेर पडलो. खरे तर ओठ हलवले असते तरी पुरले असते. त्या खात्यात बोलायला आवाज लागतच नव्हता.

नंतर टाळेबंदी आली आणि माझ्या मौनाला एक मोठे कारण मिळाले. लूम थांबले. माणसे पायी गावाकडे निघाली. ज्यांच्या नावांपुढे मी शून्य लिहिले होते, त्यांतली बरीचशी परतली नाहीत. जग एवढे हादरले असताना एका फाइलची गोष्ट काय काढायची, असे मी म्हणे. नरसय्या मात्र कुठे गेले नव्हते. ते माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. लूम पुन्हा सुरू झाले तसे तेही लूमवर उभे राहिले, कागदाप्रमाणे निरोगी. एकदा मी त्यांना नाक्यावर पाहिले. मागून रिक्षा हॉर्न वाजवीत होती, ते सावकाश चालत होते. "ओ चाचा, नाटक बंद करो!" रिक्षावाला ओरडला. रिक्षा अगदी अंगाला घासून गेली तेव्हा ते दचकले. मी फळांच्या गाडीआड उभा होतो, हातात पेरू घेऊन, तो पिकला आहे की नाही ते दाबून पाहत.

या सगळ्या वर्षांत मी वर्गात पावसाचे उदाहरण देणे सोडले. मुलांना काय, कळले नाही.

यंदा संस्थेने पुन्हा तपासणी काढली आहे. नसरीनचा आता काल्हेरच्या नव्या इमारतींत स्वतःचा छोटा दवाखाना आहे. मागच्या आठवड्यात ती घरी आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "फायली तुमच्याकडेच हं, सर. आणि नरसय्याकाका येऊन गेले. तेव्हा उजव्या कानाला जाड आवाज येत होते ना? आता तिथेही काही नाही. सगळं गेलं."

मी कप खाली ठेवला आणि तिला सांगितले. शून्याची ओळ, फोन, तिच्या पेटीवर ढकललेला दोष, सगळे.

"मी पेटी ठाण्याला नेली होती," ती म्हणाली. "अब्बांच्या स्कूटरवर, मांडीवर धरून. दुरुस्तीवाला म्हणाला, पेटी बरोबर आहे. मग मला वाटलं, माझेच हात चुकले. पुढे कितीतरी दिवस मी प्रत्येकाला दोन-दोनदा तपासायचे, सर. लोक वैतागायचे."

"नसरीन, मी तुझी..."

"माझं नंतर बघू." ती उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "आधी कामतघरला जा. शुक्रवारी जा, म्हणजे घरी सापडतील."

काल शुक्रवार होता. चाळीच्या गल्लीत ऊन उतरले होते. नळावर बायका, भिंतीलगत मांडलेल्या कॅरमभोवती सुट्टीतले पुरुष, कुठेतरी तळणीचा वास. यादम्मा उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. "या मास्तर," म्हणाली, "आत आहे तो." नरसय्या खाटेवर बसले होते. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो, माझा चेहरा उजेडात येईल असा, आणि सांगितले. हळू सांगितले, माझा आवाज मुळातच लहान आहे, आणि काल तर मी जवळजवळ ओठच हलवत होतो. त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. सगळे संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "समजलं, सर."

"काय समजलं?" उंबऱ्यावरून यादम्माने विचारले. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या तिला एक शब्द ऐकू गेला नव्हता. नरसय्या तिच्याशी तेलुगूत बोलले. तिने सूप बाजूला ठेवले.

"इतकी वर्षं गल्ली याला ढोंगी बोलली, मास्तर," ती म्हणाली. "मी पण बोलले. कागदावर ऐकू येतं लिहिलंय, मग मला उत्तर का देत नाहीस, म्हणून भांडले. एकदा दोन दिवस जेवायला वाढलं नाही."

"माझी चूक आहे, यादम्मा. म्हणून तर आलो."

"याला येऊन काय सांगता? आपण बहिरा आहे ते याला माहीतच होतं." ती पदर खोचत उभी राहिली. "ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगा. बाहेर या."

मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो. नरसय्या खाली गल्लीत उतरले आणि माझे तोंड दिसेल असे समोर उभे राहिले. नळावरच्या बायका वळल्या. मी बोलायला सुरुवात केली, आणि कॅरमजवळून कुणीतरी ओरडले, "ओ सर, काय बोलताय? इकडं काय ऐकायला येत नाय!"

कुणी हसले नाही. मी श्वास घेतला, आणि माझ्या आयुष्यात वर्गातही कधी लावला नव्हता एवढा आवाज लावून म्हणालो, "नरसय्यांना ऐकू येत नाही! त्या वर्षीही येत नव्हतं! ते ढोंग करत नव्हते. नसरीनने तपासलं ते बरोबर होतं. कागद मी चुकवला, आणि कळल्यावरही मी लपवला. नरसय्या, यादम्मा, तुमचा मी अपराधी आहे. मला माफ करा."